भाऊजी चौदाशेवर गेले

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मागाहून घोट अडकायचा. काशीतल्या आमच्या अख्ख्या दूधविनायक मोहल्ल्यानं हसून घेतलंय, तुम्हीच का मागे राहायचं?

माणसाच्या हातून चुका होतात हो! कुणी भाजीत दोनदा मीठ घालतं. कुणी देवळातून दुसऱ्याच्याच चपला पायात घालून घरी येतं. मी एका जित्याजागत्या माणसाला मारून ठेवलं. तेही रक्ताच्या एका तपासणीवर!

थांबा, पहिल्यापासून सांगते.

आमच्या आणि दामोदरभाऊजींच्या घरात एकच भिंत. इतकी पातळ, की त्यांच्या कुकरची शिट्टी मोजून मी आपला गॅस बंद करते. भाऊजी वेदपाठशाळेत शिकवतात, गल्लीत सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांची बायको कुमुद माझ्याहून धाकटी, पण जिवाभावाची म्हणाल तर ती एकच. मूलबाळ नाही. भाऊजींच्या रक्ताचं असं एकच माणूस, धाकटा भाऊ श्रीधर. तो ग्वाल्हेरला सरकारी कचेरीत असतो.

लोक मला चौकस म्हणतात. चौकस! अहो, भिंतीपलीकडे माणूस कण्हत असेल तर मी काय कानात कापूस घालून बसू?

त्या दुपारी तेच झालं. मी पोळ्या करत होते आणि पलीकडून कण्हणं ऐकू आलं. तव्यावरची पोळी तशीच टाकून धावले. बघते तर भाऊजी पुढे वाकून बसलेले, दोन्ही हात पोटावर, सदरा घामानं चिंब.

"वहिनी, पोटात कुणी सळई खुपसलीय. पाठीतून बाहेर निघतेय."

"सकाळी काय खाल्लंत?"

"कचौडी."

"किती?"

भाऊजींनी डोळे मिटले. म्हणजे मोजल्या नव्हत्या.

मी कुमुदला म्हटलं, गॅस असेल, ओवा दे. ओवा दिला, उलटून पडला. हिंग लावला, काही नाही. मग मात्र आमच्या ह्यांनी आणि शेजारच्या दोघातिघांनी त्यांना खुर्चीत बसवलं, खुर्ची उचलून गल्लीबाहेर नेली आणि तिथून ई-रिक्षानं हॉस्पिटल गाठलं. खुर्ची निघाली तेव्हा पानवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे उठून उभे राहिले होते. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. लांब वेणी, डोळ्यांत झोप, पण हात मोठा शहाणा. पोट दाबून पाहिलं, पाठीचं विचारलं आणि म्हणाल्या, "शक पैंक्रियाज़ पर है. ख़ून भेज रहे हैं, लाइपेज देखेंगे."

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच सांगितलं, "स्वादुपिंड गं. पोटाच्या मागे असतं. अन्न पचवायचे रस त्यातून येतात, लायपेज त्यातलंच."

एवढं मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं हो! तिथंच थांबले असते तर आज तुमच्यासमोर ताठ मानेनं बसले असते.

भाऊजींना सलाईन लावलं. खाणं बंद, पाणीसुद्धा बंद. आणि संध्याकाळी कुमुदच्या फोनवर रिपोर्ट आला. कुमुदचा चष्मा घरी राहिलेला. तिनं फोन माझ्या हातात दिला.

लायपेज चौदाशे. शेजारी लाल बाण, टोक वर. आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात, साठपर्यंत असावं.

आता माझी बाजूही ऐका ना! आमच्या ह्यांना कित्येक वर्षं साखर आहे. रक्ताचा आकडा म्हणजे काय, हे गल्लीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही. उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, कुणाची कारल्याच्या रसानं उतरली, सगळं माझ्याकडे तोंडपाठ. ह्यांची साखर एकदा तीनशेला गेली तर डॉक्टर खुर्चीतून उठले होते. तीनशेला! आणि इथं तर साठाच्या जागी चौदाशे!

मी फोन पालथा केला.

"सुधाताई, काय आलंय?" कुमुद विचारतेय.

"काही नाही गं. तू बस. पाणी पी."

असं म्हणून मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि फोन बाई असा पदराआड सरकवला, की कुमुदला जे कळायचं ते कळलं. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरला विचारायचं. अहो, ज्या घरात दिवा विझायला आलाय तिथं तेलाचा भाव विचारतात का? मी म्हटलं, आता आपल्याला जे करता येईल ते करावं. काशीत मरण काही गुपचूप उरकायची गोष्ट नाही. देशभरातून माणसं इथं देह ठेवायला येतात, मुक्ती मिळावी म्हणून महिनोन्महिने वाट बघत पडतात. आणि जन्मभर इथं राहिलेल्या माणसाची तयारी ऐन वेळी अपुरी पडली तर? तेही शेजारी मी असताना?

पहिला फोन ग्वाल्हेरला लावला.

"श्रीधरभाऊजी, चौदाशे."

"काय चौदाशे, वहिनी?"

"दादांच्या रक्तात. साठ हवं, चौदाशे आहे. आता तुम्हीच काय ते समजा."

"अरे देवा! म्हणजे सीरियस आहे का?"

"मी काही बोलत नाही. अशुभ बोलायची मला सवय नाही. तुम्ही फक्त तयारीनं या."

बघा, मी काही बोलले का?

मग घरून शाल आणि कुमुदचा चष्मा आणायला म्हणून गल्लीत आले, तर पानवाला चुना लावता लावता थांबला. "भाभी, गुरुजी क का हाल हौ?"

मी म्हटलं, "चौदह सौ." आणि बोट आभाळाकडे केलं.

एक शब्द जास्त बोलले नाही! बोटच केलं. पण आमची गल्ली अशी, की बोट दाखवलं तर खांद्यासकट घेऊन निघते. दूधवाल्यापर्यंत चौदाशेचे चौदा हजार झाले होते. कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत आकडा पडून गेला, नुसतं बोट उरलं. सकाळी पाठशाळेला सुट्टी दिली. मुलांनी दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं आणि मग, मुलंच ती, पतंग उडवायला गेली. हे सगळं मला मागाहून कळलं. मला! ज्या मला सगळं आधी कळतं!

कारण मी सकाळीच ह्यांना घेऊन, घराला कुलूप लावून हॉस्पिटलात गेले होते. पदराआड एक छोटा लोटा, त्यात गंगाजल. वृंदावनातली तुळशीची पानं. आणि माझ्या मंगळसूत्रातला सोन्याचा एक मणी. तो ओढून काढताना रडले होते हो मी, खोटं कशाला सांगू?

कुमुद बाहेर बाकावर डोळे मिटून बसलेली. नर्स पलीकडच्या खाटेशी. मी भाऊजींच्या उशाशी गेले. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. लोट्यात तुळशीपत्र बुडवलं, त्यावर मणी ठेवला आणि हात पुढे केला.

भाऊजींनी डोळे उघडले. पानाकडे पाहिलं. मग मण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वहिनी, हे काय?"

"काही नाही हो. तीर्थ आहे. आ करा."

"तुळस?"

"हो."

"गंगाजल?"

"हो."

"आणि सोनं?"

मी मणी बोटाखाली झाकला.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, आवाज क्षीण पण शब्द एकेक टाकून, "हे कधी देतात ते मी पोरांना शिकवतो."

मी म्हटलं, "भाऊजी, घाबरू नका."

तेवढ्यात नर्स पलीकडून ओरडली, "ए आंटी! मुँह में कुछ नहीं देना है! पानी भी नहीं! ये क्या डाल रही हैं, सोना?" आणि माझा हात धरून तिनं लोटा काढून घेतला. सगळा वॉर्ड उठून बसला. ज्यांना उठून बसायला डॉक्टरनं मनाई केली होती तेसुद्धा उठून बसले.

आणि नेमका तेव्हा माझा फोन वाजला. श्रीधर!

"वहिनी, कुठे आहात सगळे?"

"तुम्ही कुठे आहात?"

"मणिकर्णिकेच्या घाटावर. क्षौर झालं, स्नान झालं. मी एकटाच बसलोय इथं."

"क्षौर? कशाला?"

"कशाला म्हणजे? दादाचं कुणी करायचं मग? माझ्यासाठी थोडं थांबायला काय झालं होतं तुम्हाला? शेवटचं तोंड तरी बघितलं असतं..." आणि तो माणूस रडायलाच लागला.

"अहो श्रीधरभाऊजी, इकडे हॉस्पिटलात या. दादांना डॉक्टर बघतायत."

"डॉक्टर? आता काय बघतायत?"

मी म्हटलं, आधी या तर खरं!

झालं होतं असं. त्याचा फोन गाडीतच बंद पडला. गल्लीत आला तर दादाच्या घराला कुलूप, आमच्या घराला कुलूप. पानवाल्याला विचारलं तर त्यानं टपरीवरून खाली उतरून हात जोडले. म्हणाला, "बड़ा भला मनई रहलन गुरुजी." रहलन, म्हणजे होते! बिचाऱ्यानं सामान तिथंच टाकलं आणि घाटाकडे धावत सुटला. तिथं चितांची रांग. "आपली कुठली ते कसं ओळखायचं, वहिनी?" मला म्हणाला, "मी सगळ्यांनाच नमस्कार केला." मग न्हाव्याकडे फोन चार्जिंगला लावून, त्याच्याचसमोर डोकं खाली घालून बसला. जन्मभर पिळलेली मिशी गेली.

हे ऐकून तुम्हाला हसू येतंय ना? मला तेव्हा आलं नव्हतं हो.

मी धावत दाराशी गेले, म्हटलं, त्याला बाहेरच अडवावं. भाऊजींनी या अवस्थेत त्याला बघता कामा नये. पण तो दुसऱ्या दारानं आत शिरला! तुळतुळीत डोकं, अंगावर ओलं धोतर, पाय अनवाणी. थेट खाटेसमोर जाऊन उभा राहिला, आणि खाटेवर भाऊजी त्याच्याकडे बघतायत.

सगळा वॉर्ड पुन्हा उठून बसला.

"श्री," भाऊजी म्हणाले, "कोण गेलं रे?"

"दादा, तू!"

आणि त्यानं भाऊजींचे पाय धरून असा गळा काढला, की कुमुद बाहेरून किंचाळत आत आली. तिला वाटलं, आता खरंच गेले! ती रडतेय, तो रडतोय, मी रडतेय, आमचे हे नर्सनं हातात दिलेला माझा रिकामा लोटा घेऊन उभे. आणि मधे भाऊजी. त्यांनी भावाचं डोकं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते! "नका रे... नका हसवू... दुखतंय..." हसू आणि कळ, दोन्ही एकाच तोंडावर. असं तोंड मी दुसरं पाहिलेलं नाही, बघायचंही नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आंटी, ये नंबर बस इतना बताता है कि धुआँ किस घर से उठ रहा है. आग कितनी बड़ी है, ये इससे नहीं पता चलता. चौदह सौ वाला भी टहलते हुए घर जाता है, और कम नंबर वाला भी बिगड़ सकता है."

"म्हणजे मरणार नाहीत ना?" मी मराठीतच विचारलं. घाबरल्यावर हिंदी कुठली सुचायला?

त्यांना समजलं. म्हणाल्या, श्वास बघतोय, लघवी बघतोय, बाकीचं रक्त बघतोय. दोन दिवस जाऊ देत. आत्ता मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही.

बाई गं! त्यापेक्षा चौदाशे बरे होते. निदान हाताशी एक आकडा होता, त्याला धरून रडता येत होतं. आता तर तेही नाही! मी कुमुदशेजारी बाकावर जाऊन बसले. ती माझ्याकडे बघेना. इतकी वर्षं भिंतीआडून माझी शिंक ऐकून "सुधाताई, काढा पाठवू का?" म्हणणारी ती, माझ्यापासून हातभर सरकून बसली. मी म्हटलं, देवा, भाऊजींना वाचव. त्यांच्यासाठी तर वाचवच, पण थोडं माझ्यासाठीही वाचव. ते गेले तर ही मला जन्मभर माफ करायची नाही. ते वाचले तर निदान भांडेल तरी!

दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. आकडा निम्म्यावर आला. मी हरखून डॉक्टरीणबाईंपुढे उभी. "उतर गया! अब तो ठीक हैं ना?"

"आंटी," त्या म्हणाल्या, "मरीज़ को देखिए, नंबर को नहीं."

मग मी खरंच मरीज़ला बघायला लागले. दाराच्या फटीतून, कारण मला आता आत येऊ देत नव्हते. श्वास नीट चालला होता. कळ ओसरत होती. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे सापडले. एक घरंगळून वाटेत अडकला म्हणून स्वादुपिंड भडकलं, असं सांगितलं. पुढं पित्ताशयाचं ऑपरेशन करायचं. म्हणजे कचौडीनं निमित्त केलं असेल नसेल, पण गुन्हेगार खडा! हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. माझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार?

भाऊजींनी पहिल्यांदा पातळ पेज घेतली त्या दिवशी कुमुद माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सुधाताई, तुमचा मणी." नर्सनं सांभाळून ठेवला होता म्हणे. मणी माझ्या तळहातावर ठेवला आणि मग असं काही भांडली, असं भांडली! ऐकायला दोन मजल्यांची माणसं जमली. मी इतकी सुखावले होते म्हणून सांगू!

पण गोष्ट इथं संपती तर रडणं कशाचं?

श्रीधरनं निघतानाच कचेरीत कळवून टाकलं होतं, दादा गेले म्हणून. माझ्या 'तयारीनं या'चा अर्थ त्यानं तसाच घेतला होता, आणि बरोबरच घेतला होता! साहेबांनी तेराव्यापर्यंतची रजा दिली. सगळ्या कचेरीनं हळहळ व्यक्त केली. आता परत जाऊन काय सांगणार, दादा पेज पितोय? मिशीशिवाय त्याला घराबाहेर पडायची लाज वाटायची. कुमुद हॉस्पिटलात, म्हणून तो मुक्कामाला आमच्याकडे. मागोमाग त्याची बायको आली, मग सासू आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो डोकं दाखवायचा आणि मग माझ्याकडे बोट करायचा. वर नाही हं, सरळ माझ्याकडे!

आणि शास्त्राचा प्रश्न उभा राहिला. जिवंत भावाचं क्षौर झालं, आता ते मोडायचं कसं? ब्रह्मघाटापर्यंतच्या वैदिकांत वाद झाला. शेवटी निकाल भाऊजींनीच खाटेवरून दिला.

"क्षौर केलं त्याला दोष नाही. करायला लावलं तिला आहे. प्रायश्चित्त म्हणून तिनं गल्लीला जेवण घालावं. तेराव्या दिवशी."

"असं कुठल्या ग्रंथात लिहिलंय, भाऊजी?" मी विचारलं.

"लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्यांना तुमच्यासारखी शेजारीण नव्हती."

घातलं जेवण. काय करते? गल्ली तशीही तेराव्याची वाट बघत होतीच. बातमी खोटी निघाली म्हणून भूक कुठं खोटी निघते? आमच्या अंगणात पंगत बसली. वरण-भात, अळूची भाजी, बुंदीचे लाडू. भाऊजी त्याच सकाळी घरी आलेले. तळलेलं बंद, तूप बंद. खुर्चीत बसून वाटीतली मुगाची पेज चमच्यानं पीत होते आणि पंगतीवर देखरेख करत होते. कुमुद आणि मी वाढत होतो.

गल्लीतले एक म्हातारे आजोबा, कानानं जरा मंद, इतके दिवस लेकीकडे पुण्याला होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. लाडू तोडता तोडता त्यांनी श्रीधरचं डोकं पाहिलं आणि घाबरून विचारलं, "काय हो दामोदरपंत, हे जेवण कसलं?"

"तेराव्याचं, आजोबा."

"अरेरे! गेलं कोण?"

भाऊजींनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "सुधावहिनींची अक्कल."

सगळी पंगत माझ्याकडे वळली. आणि आमचे हे, जन्माचे सोबती, वरणाचं भांडं घेऊन रांगेतून चालता चालता म्हणाले,

"जाईल कशी? आधी असायला नको?"